क्लॉड रेन्स : दुय्यम भूमिकांचा राजा

हंफ्री बोगार्ट, केरी ग्रँट आणि इन्ग्रिड बर्गमन यांच्याविषयी आपण भरभरून बोलतो. पण 'कॅसाब्लांका' आणि 'नटोरियस' या दोन्ही चित्रपटांत बाजी मारून जातात ते ब्रिटिश नट क्लॉड रेन्स, असे माझे स्पष्ट मत आहे.

लंडनमध्ये १८८९ साली गरीब घरात जन्मलेल्या या मुलाच्या बोलण्याला गल्लीतला हेल होता आणि शिवाय उच्चारदोषही होता. नाट्यगृहात पडेल ते काम करणाऱ्या या पोराच्या वाणीसाठी नट आणि नाट्यव्यवस्थापक हर्बर्ट बीरबोम ट्री यांनी पदरचे पैसे खर्च केले, आणि पुढे हाच मुलगा 'रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट'मध्ये शिकवू लागला. जॉन गिलगूड आणि चार्ल्स लॉटन हे पुढे गाजलेले नट त्याचे विद्यार्थी. पहिल्या महायुद्धात विषारी वायूमुळे त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. हॉलिवूडमध्ये नाव झाले ते १९३३ च्या 'द इन्व्हिजिबल मॅन'मुळे, ज्यात चेहरा दिसतो तो थेट शेवटी; तोवर सगळा भार एकट्या आवाजावर!

पण रेन्स खरे कळतात ते हिचकॉकच्या 'नटोरियस'मध्ये (१९४६). आपली बायको अमेरिकेची हेर आहे हे कळल्यावर त्यांचा सबास्टियन पहाटे आईच्या खोलीत जाऊन बसतो आणि खाली मान घालून, शाळेतून मार खाऊन आलेल्या मुलासारखा, तिला ते सांगतो. तो नाझींचा साथीदार आहे, पुढे तो बायकोवर विषप्रयोगही करणार आहे. तरीही त्या क्षणी आपल्याला त्याची कीव येते, कारण त्याचे प्रेम खरे होते, आणि नायक मात्र तोवर आपले प्रेम कबूल करायलाही तयार नसतो. खलनायकाला दुखावले जाण्याचा हक्क देणारे नट मुळात थोडे.

ऑस्करसाठी त्यांना चार नामांकने मिळाली आणि पुरस्कार एकदाही नाही. ही चारही नामांकने 'सहायक अभिनेता' या विभागातली, आणि त्यांत १९४४ चा 'मिस्टर स्केफिंग्टन'ही आहे. बेटी डेव्हिस त्याची नायिका खरी, पण शीर्षकातले मिस्टर स्केफिंग्टन म्हणजे रेन्सच! ज्याच्या नावाने चित्रपट ओळखला जातो त्यालाच सहायक ठरवणारी ही वर्गवारी मला तरी अजून पटलेली नाही.