‘गोष्टींनी माझ्या भावाची वर्षं खाल्ली’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

रोज सकाळी थोडं प्रेरणादायी वाचावं, अशा आशयाच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होण्यासारखी ती नाही, म्हणून सवडीने लिहितोय.

ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ताईंचा भाऊ पुण्यात सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेची तयारी करतो. कॉट बेसिसवर जागा, मेसचा डबा, अभ्यासिकेची फी, आणि टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलेली थोरामोठ्यांची वचनं. पूर्व निघते, मुख्य राहते. घरचे ‘आता पुरे’ म्हणाले की तो हरून जिंकलेल्या कुणाची तरी गोष्ट ऐकवतो. ताई लिहितात, ‘अशा गोष्टींनी माझ्या भावाची वर्षं खाल्ली. जे पोचले त्यांच्याच गोष्टी तुम्ही सांगता, वाटेत राहिले त्यांच्या कोण सांगणार? आणि सगळं माणसाच्या जिद्दीवर ढकललं की व्यवस्था सुटते.’ ही लेखमाला बंद करा, असंही त्या म्हणतात.

राग खरा आहे, कारणही खरं आहे. तरी मला वाटतं, भावाच्या भिंतीवर आहेत ती गोष्टींची शेपटं. मधली पानं कुणीतरी फाडून टाकली आहेत.

मी रात्रशाळेत शिकवतो. दिवसभर कँटीनमध्ये, गॅरेजमध्ये, कुरिअरच्या गोदामात राबून मुलं वर्गात येतात. एकदा शेवटच्या तासाला खाशाबा जाधवांची गोष्ट सांगत होतो. कराडजवळचं गोळेश्वर, 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा क्रमांक, आयुष्यभर मातीत कुस्ती खेळलेला मल्ल तिथे पहिल्यांदा मॅटवर उतरलेला. पुढे 1952 ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नाहीत. गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. मग कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मी इथे थांबलो. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, “सर, घर सुटलं का मग?”

वर्गात कुणी हसलं नाही. गहाणवट काय असते हे त्यातल्या बऱ्याच जणांना घरून ठाऊक होतं.

घर सुटलं. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावले, स्वतः लढले, आणि त्या पैशातून खर्डेकरांचं कर्ज फेडायला हातभार लावला. ताई, आपण भाषणांत ते परतल्यावर निघालेली बैलगाड्यांची मिरवणूक सांगतो आणि हे गाळतो. माझ्या वर्गातल्या मुलाला मात्र नेमकं हेच हवं होतं. पदक त्याच्या आवाक्यात नाही. कुणी आपल्यासाठी घर गहाण ठेवलं तर आल्या आल्या पहिलं काम कोणतं करायचं, हे त्याच्या आवाक्यात आहे.

तुमचा व्यवस्थेचा मुद्दा घ्या. खाशाबांची गोष्ट पूर्ण सांगितली तर व्यवस्था सुटते कुठे? हेलसिंकीत जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती झाल्यावर त्यांना लगोलग सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. ती मागायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. 1984 मध्ये अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार आला तो मरणोत्तर, 2000 साली. दुसरं वैयक्तिक पदक यायला 1996 उजाडलं. असं सगळं वाचून ‘फक्त जिद्द हवी’ असं कोण म्हणेल? उलट मनात येतं, जिद्द तर काठोकाठ होती, मग बाकीचे कुठे होते?

आता तुमच्या भावाच्या जवळची गोष्ट सांगतो, कारण तीही सरकारी परीक्षेचीच आहे. कोकणातल्या मुरूडचा एक मुलगा परीक्षेसाठी साताऱ्याला निघाला. गाडीरस्ता नाही, धो धो पाऊस, सह्याद्रीचे घाट, सुमारे 110 मैलांची पायपीट. पोचल्यावर परीक्षकांनी बघून सांगितलं, तू वयाने लहान दिसतोस, बसता येणार नाही. संपलं. हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे.

ही गोष्ट साधारण कशी सांगतात? ‘तरीही ते खचले नाहीत आणि पुढे भारतरत्न झाले.’ साताऱ्याचा तो दिवस आणि 1958 चा भारतरत्न यांच्यामध्ये ऐंशीहून जास्त वर्षं आहेत, आणि गोष्ट खरी त्या वर्षांत आहे. ती परीक्षा त्यांनी पुढे दिली, पण आयुष्य तिच्याभोवती बांधून ठेवलं नाही. मॅट्रिक झाले तेव्हा ते 23 वर्षांचे होते. बरोबरीची मुलं तोवर केव्हाच पुढे गेलेली. 1884 मध्ये गणित घेऊन बी.ए. झाले, पुढे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. विधवांसाठीचा आश्रम त्यांनी 1896 मध्ये काढला, तोवर चाळिशी जवळ आली होती. महिला विद्यापीठ निघालं 1916 मध्ये, वयाच्या 58 व्या वर्षी. या माणसाची चिकाटी एका दाराला धरून बसलेली नव्हती. एक दार बंद झालं तर तो दुसऱ्या कामाला लागला, आणि जे काम मनापासून पटलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

मला त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात जास्त काय धरून ठेवतं सांगू? हिंगण्याची वाट. 1900 मध्ये आश्रम शहराबाहेर हिंगण्याला एका झोपडीत गेला. आज तिथे कर्वेनगर आहे, तेव्हा माळरान आणि चिखल. दिवसा कॉलेजात गणित, तास संपले की आश्रमाची कामं आणि हिंगण्याची पायी चाल, सकाळी पुन्हा कॉलेज. यात टाळ्या वाजवण्यासारखं काही नाही. रोज तेच. शाळा सुटल्यावर रात्री उशिरा लोकलमध्ये बसलो की मला भारतरत्न आठवत नाही, ती चिखलाची वाट आठवते, आणि दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करावीशी वाटते. सकाळच्या वाचनाचा उपयोग मी म्हणतो तो एवढाच. तुम्ही त्याला ‘दोन तासांची नशा’ म्हटलंय. नशा उतरते आणि हात रिकामे राहतात. इथे निदान दुसऱ्या दिवसाचा तास तरी बरा होतो.

आणि कर्व्यांची गोष्ट एकट्या कर्व्यांची नाहीच. 1893 मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केलं म्हणून मुरूडने त्यांना वाळीत टाकलं, हे सगळे सांगतात. त्या विधवेचं, म्हणजे गोदूबाईंचं, पुढे काय? त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या, लग्नानंतर आनंदीबाई झाल्या, सगळे त्यांना ‘बाया’ म्हणत. त्यांनी स्वतःच्या आठवणी लिहिल्यात. कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ वाचणाऱ्याने बायांचं ‘माझे पुराण’ही वाचावं, असा माझा आग्रह असतो. नवरा पैसा आणि वेळ कामाला वाहून टाकतो तेव्हा घरातल्या बाईने संसार कसा ओढायचा, हे तिथे कळतं. तुमच्या प्रतिक्रियेत आईचा उल्लेख एका ओळीत आला: ‘आई अजून बांगड्या मोडून पैसे पाठवते.’ ताई, तुमच्या भावाने ‘माझे पुराण’ वाचलं पाहिजे, आणि वाचताना आईच्या जागी बसून वाचलं पाहिजे. चिकाटीची किंमत कोण मोजतंय हे न बघता धरलेल्या चिकाटीचं कौतुक मी करणार नाही.

‘वाटेत राहिले त्यांच्या कोण सांगणार?’ हा तुमचा प्रश्न सगळ्यात टोकदार. आपल्याकडे अशी एक गोष्ट घरोघरी सांगितली जाते, आणि ती डॉ. आनंदीबाई जोशींची आहे. 1886 मध्ये पेनसिल्व्हेनियात एम.डी. झाल्या, कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूक झाली, आणि फेब्रुवारी 1887 मध्ये क्षयाने गेल्या. वयाची 22 वर्षंही पुरी नव्हती. ज्या कामासाठी एवढं सोसलं ते काम करायलाच मिळालं नाही. तरी मराठी माणूस सव्वाशे वर्षांहून जास्त काळ ही गोष्ट सांगतोय. पण तुमचं म्हणणं मला पुरतं खोडता येत नाही. आनंदीबाईंना निदान नाव मिळालं. अभ्यासिकेत वर्षानुवर्षं बसून मुकाट्याने गावी परतणाऱ्या पोरांना तेही नाही. कुणी तसा स्वतःचा अनुभव लिहून पाठवला, तर नाव न घालता मी तो इथे देईन, आणि शेवट गोड करण्यासाठी त्यात एक शब्द घालणार नाही.

भावाबद्दल तुम्ही सल्ला मागितला नाहीत, तरी एक सुचवतो. भिंतीवरची वचनं काढायला सांगू नका, तो दुखावेल. पुढच्या वेळी त्याने कुणाची गोष्ट ऐकवली की माझ्या वर्गातल्या मुलासारखं विचारा: पैसे कुणी दिले? घर कसं चाललं? त्या माणसाने काय सोडून दिलं, कधी सोडलं? उत्तरं ठाऊक नसतील तर दोघांनी मिळून शोधा. कर्व्यांवर बोलताना साताऱ्यानंतर ते काय करत होते, हेही विचारा. परीक्षा पुन्हा द्यायची की दुसरं काही बघायचं, हा निर्णय त्याचा आहे, पण तो अशा बोलण्यातून झालेला बरा.

लेखमाला बंद करणार नाही. पुढचा लेख पार्वतीबाई आठवल्यांवर आहे. बाया कर्व्यांची धाकटी बहीण, ऐन तारुण्यात वैधव्य, पदरात मुलगा, उशिरा अक्षरओळख, मग आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव फिरणं. वयाची पंचेचाळिशी ओलांडल्यावर इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी काम करून राहिल्या. मागे मुलाचं कोण बघत होतं, प्रवासाचे पैसे कुठून आले, हेही त्यात असेल. तो वाचून पुन्हा भांडायला या, वाट बघतो.