एक मध्यम केळं

जिम लावल्यावर आमच्या चिरंजीवांनी पहिला आक्षेप घेतला तो माझ्या शिकरणावर. केळं, दूध, साखर, चिमूटभर वेलदोड्याची पूड. वाटीत डोकावून म्हणाला, "आई, यात मॅक्रोज कुठे आहेत?" मॅक्रोज म्हणजे प्रोटीन, कार्ब्स (आपली कर्बोदकं) आणि फॅट.

म्हटलं, "वेलदोड्याखाली बघ."

तेव्हापासून आमच्याकडे सकाळी स्मूदी होते. म्हणजे केळं, दूध वगैरे सगळं तेच, फक्त मिक्सरमधून काढायचं आणि आधी वजन करायचं. त्यासाठी डिजिटल काटा आलाय. फोनमधल्या ॲपने ठरवून दिलंय, एका ग्लासात प्रोटीन 20 ग्रॅम, कार्ब्स 40 आणि फॅट 10. प्रोटीन आणि कार्ब्सच्या ग्रॅमला 4 कॅलरी, फॅटच्या ग्रॅमला 9, म्हणजे बरोबर 330. मला वाटलं, एवढं काय त्यात! मी पंचवीस माणसांचा स्वयंपाक अंदाजाने केलेला आहे.

पण अंदाज हा शब्द त्या ॲपला माहीतच नाही. त्याला माहीत आहे 'एक मध्यम केळं'. मध्यम म्हणजे सोलून 118 ग्रॅम. हे केळं कोणत्या देशात लागतं कोण जाणे. आमच्या भाजीवाल्याकडे एक तर वेलची केळी असतात, दोन घासांत संपणारी, नाही तर जळगावची, एक खाल्लं की जेवण पुढे ढकलावं लागतं अशी. मध्यम केळं मागितलं तर तो म्हणतो, "ताई, डझनात घ्या, सरासरी मध्यमच पडेल." शिवाय सालासकट मोजायचं की सोलून, यावर बापलेकांत वाद झाला. हे म्हणाले, पैसे सालासकट मोजलेत. साल केळ्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास जातं, तेव्हा मुद्दा अगदीच गैरलागू नव्हता. 'एक कप दूध' या मापाचंही तेच. ॲपचा कप 240 मिलीचा. आमच्या कपात तेवढं ओतलं तर निम्मं दूध बशीत आणि उरलेलं ओट्यावर.

तर सोललेलं 100 ग्रॅम केळं आणि 200 मिली टोन्ड दूध, असा श्रीगणेशा झाला. बेरीज केली. कार्ब्स 33, फॅट 6, प्रोटीन सात-साडेसात. केळ्याचं त्यातलं योगदान जेमतेम एक ग्रॅम. "12 ग्रॅम प्रोटीन कमी पडतंय," चिरंजीव म्हणाले, चेहरा असा की घरात कुणाचं तरी ऑपरेशन आहे आणि रक्त मिळत नाहीये.

म्हटलं, दाणे घाल. महाराष्ट्रात कशातही काही कमी पडलं की दाण्याचं कूट घालतात. 12 ग्रॅम प्रोटीनसाठी जवळजवळ 50 ग्रॅम दाणे घातले. प्रोटीनचा कोटा भरला. पण दाण्यात प्रोटीनच्या दुप्पट तेल. फॅट 10 हवं होतं, ते 30वर गेलं.

या स्मूदीची खरी गोम मला तिथे कळली. प्रोटीनला बोलावलं तर प्रोटीन कधीच एकटं येत नाही, वऱ्हाड घेऊन येतं. दाण्यांबरोबर फॅट येतं. डाळ्याचं पीठ घालावं तर 6 ग्रॅम प्रोटीनमागे 15-16 ग्रॅम कार्ब्स. मग कार्ब्स वाढले म्हणून केळं अर्धं करावं, तर गोडी गेली. गोडीसाठी खजूर घालावा, तर कार्ब्स पुन्हा दारात. बदाम दिसायला सोज्वळ, पण आतून दाण्याचेच सख्खे भाऊ. "अंडं घालूया, 6 ग्रॅम प्रोटीन आणि फॅट फक्त 5," असं चिरंजीव हळूच म्हणाले. देवघरातली घंटा एकदम थांबली. तो विषय तिथेच मिटला.

सासूबाईंचा मुळात या सगळ्यालाच विरोध. दूध आणि फळ एकत्र म्हणजे विरुद्ध आहार, अंगावर चट्टे उठतात. मी विचारलं, "मग आपण शिकरण-पोळी खातो ती?" त्या म्हणाल्या, "शिकरण वेगळं." का वेगळं, हे विचारण्याची या घरात कुणाची छाती नाही. आमरसात त्या तुपाची धार सोडतात, त्यात दूधही घालतात. त्या हिशेबाने आंब्याच्या कार्ब्सला फॅटची जोड त्यांनी ॲपच्या कितीतरी आधी दिलेली आहे. प्रोटीनचं तेवढं राहिलं, आणि ते काही रसाच्या वाटीने शोधायचं नसतं.

केळ्याला कंटाळून एका रविवारी ह्यांनी अननस आणला. रंग सुरेख आला. चिरंजीवांनी फोटो काढायला ग्लास खिडकीत ठेवला, उजेड बदलला म्हणून पुन्हा काढला, मग प्यायला आणि चेहरा कारल्याची भाजी वाढल्यावर होतो तसा झाला. कडूजहर! अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातल्या प्रोटीनचे तुकडे करतं आणि ते तुकडे कडू लागतात. किवीतही असलंच काहीतरी असतं, आणि कच्च्या पपईच्या चिकातलं पपेन तर प्रसिद्धच आहे. म्हणजे ज्या प्रोटीनसाठी आम्ही पहाटेपासून ग्रॅम-ग्रॅम मोजत होतो, ते आमच्या आधी अननसानेच खायला घेतलं होतं. "पोटात गेल्यावर तेच होणार होतं, पौष्टिकपणा कमी होत नाही," असा शास्त्रीय बचाव चिरंजीवांनी केला, पण ग्लास मात्र पुढे सरकवला. अननस शिजवून घेतला की एन्झाइम मरतं. पण शिजवलेल्या अननसाचा मी शिरा करते, स्मूदी नाही.

आता प्रश्न पडेल की फसलेल्या स्मूद्यांचं काय होतं. आमच्या घरात अन्न टाकत नाहीत. ते ह्यांना देतात. 30 ग्रॅम फॅटवाली तीही ह्यांनीच संपवली, तिचे नुसत्या फॅटचेच 270 कॅलरी. चिरंजीवांचे दंड अजून आहेत तिथेच आहेत, ह्यांचा पट्टा मात्र एक भोक पुढे गेलाय.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार धडधाकट माणसाला दिवसाला किलोमागे 0.83 ग्रॅम प्रोटीन लागतं. माझं वजन 60 धरलं (धरलंच आहे), तर 50 ग्रॅम. वरण, उसळ, दही, दूध असं नीट जेवलं तर ते दिवसभरात जमण्यासारखं असतं. सकाळी सहा वाजता एका ग्लासात कोंबायची घाई कशाला? पण हे मी चिरंजीवांना सांगितलं की ते "आई, तुला ॲनाबॉलिक विंडो माहीत नाही" म्हणतात, म्हणजे व्यायामानंतर प्रोटीन घ्यायची म्हणे खास वेळ. नाही माहीत. मला स्वयंपाकघराची खिडकी माहीत आहे, तिच्यातून शेजारच्या काकू रोज विचारतात, "पहाटेपासून मिक्सर? पाहुणे आहेत का?"

शेवटी काल गणित सुटलं. 200 मिली डबल टोन्ड दूध, अर्धं केळं, 20 ग्रॅम स्किम्ड दूध पावडर, 12 ग्रॅम दाणे आणि 10 ग्रॅम डाळ्याचं पीठ. प्रोटीन 20 ला एक कण कमी, कार्ब्स 41, फॅट 10. चिरंजीवांनी मला मिठी मारली, जी दहावीच्या निकालालाही मारली नव्हती. सगळ्यांना कौतुकाने अर्धा-अर्धा पेला दिला. चव कशाची होती म्हणाल तर कशाचीच नव्हती.

सासूबाईंनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला, साखरेचा डबा ओढला आणि दोन चमचे भरून घातले.

"आजी! 10 ग्रॅम कार्ब्स!"

"असू देत," सासूबाई ढवळत म्हणाल्या. "बघ, एकटीच आली बिचारी. वऱ्हाड नाही की काही नाही."

ह्यांनी डबा आपल्याकडे ओढला.