निवाऱ्याची किल्ली कोणाकडे?

गावोगावच्या शाळा आणि पंचायतींची सभागृहे आपत्कालीन निवारे म्हणून निश्चित झाल्याने नागरिकांची सोय झाली आहे, हे अशा निवाऱ्यांविषयीच्या एका लेखातील विधान मला अपुरे वाटते. जुलै २०२१ मध्ये म्हादई नदीला पूर आला तेव्हा गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील आमच्या वाड्यावरची माणसे, म्हाताऱ्याकोताऱ्यांसह, भर पावसात शाळेच्या व्हरांड्यात ताटकळत उभी होती, कारण कुलपाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते नदीच्या पलीकडे अडकले होते. वीज गेली की मोबाईलही फार काळ साथ देत नाही. म्हणून निवाऱ्याचे ठिकाण आणि किल्ली सांभाळणाऱ्या किमान दोघांची नावे पावसाळ्यापूर्वीच पंचायतीच्या फलकावर व देवळाच्या मंडपात लावली गेली पाहिजेत.

शिवाय गुरांची सोय नसेल तर अनेक शेतकरी गोठा सोडून निघतच नाहीत, याचा लेखात साधा उल्लेखही नाही.