‘भागून कोणी पाहिलं?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

मूळ संख्यांवरच्या माझ्या लेखाखाली आपल्या नागपूरच्याच एका वाचकांनी लिहिलंय: “राजेहो, चार कोटी अंकांची संख्या मूळ आहे हे भागून कोणी पाहिलं? विभाजक सापडला नाही म्हणून मूळ म्हणता. चोर सापडला नाही म्हणजे चोरी झालीच नाही का? अन् याचा फायदा काय?”

भाऊ, सगळ्या विभाजकांनी भागून कोणीच पाहिलं नाही. विभाजक शोधत बसले असते आणि थकून ‘मूळ’ म्हणाले असते, तर तुमचा टोमणा बरोबर बसला असता. पण त्या चार कोटी अंकी संख्येचा, म्हणजे 2^136279841 − 1 (2 चा 136279841 वा घात, वजा 1) हिचा निकाल विभाजक शोधून लागलेला नाही, एका कसोटीने लागला. ल्युका-लेमर कसोटी अशी: 4 घ्या, वर्ग करा, 2 वजा करा, आपल्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवा, पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा. शेवटी बाकी 0 उरली तर संख्या मूळ, नाही उरली तर संयुक्त. हा अंदाज नाही, दोन्ही बाजूंनी सिद्ध झालेलं प्रमेय आहे.

31 म्हणजे 2^5 − 1, म्हणून तीन पायऱ्या. 4 चे 14. मग 194, बाकी 8. मग 62, बाकी 0. झालं. 127 तुम्ही करून पाहा: 14, 67, 42, 111, 0.

बाकी काढायला भागाकारही लागत नाही. आजोबा नवाचा ताळा बघायचे ना, अंकांची बेरीज करून? द्विमानात, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरून लिहिलेल्या संख्येत, तीच युक्ती 2^n − 1 ला चालते. 194 म्हणजे 11000010. उजवीकडून पाच-पाच अंक तोडा, 6 आणि 2, बेरीज 8. म्हणूनच विक्रमी मूळ संख्या बहुतेक याच घराण्यातल्या निघतात.

विभाजक हाती नसतानाही निकाल लागतो, हे तर 1876 मध्येच दिसलं होतं. 2^67 − 1 संयुक्त आहे हे याच कसोटीतल्या ल्युका या गणितज्ञाने दाखवलं, पण विभाजक त्याच्याकडे नव्हते. ते 1903 मध्ये कोल या गणितज्ञांनी दिले: 193707721 आणि 761838257287. चोरी आधी सिद्ध झाली, चोर 27 वर्षांनी सापडला.

मशीनवर आंधळा विश्वास? आपल्या चार कोटी अंकी संख्येबद्दल 11 ऑक्टोबर 2024 ला डब्लिनमधल्या मशीनने फक्त ‘बहुधा मूळ’ एवढंच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी अमेरिकेतल्या सॅन अँटोनियोत ल्युका-लेमर कसोटी लावली, मग वेगवेगळ्या प्रोग्रामनी वेगवेगळ्या यंत्रांवर पडताळलं, आणि त्यानंतरच घोषणा झाली.

फायद्याचं म्हणाल, तर इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवणाऱ्या आरएसए पद्धतीच्या कुलपांना तीनेकशे अंकी मूळ संख्या पुरतात. हिच्या 4 कोटी 10 लाख 24 हजार 320 अंकांचं तिथे काही काम नाही. फायद्याच्या रकान्यात खुशाल शून्य लिहा. ‘भागून पाहिलं नाही’ हा आक्षेप तेवढा मागे घ्या.