आईला टूरच्या बसमध्ये बसवू नका, तिला घेऊन क्रीटला जा

दोन वर्षांपूर्वी आम्ही आईला एका टूरबरोबर युरोपला पाठवलं. तेव्हा ती ७२ वर्षांची होती. टूर मोठी, मराठी जेवण, सोबतीला तिच्याच वयाच्या बायका. आम्ही भाऊ-बहीण अगदी निर्धास्त होतो. परत आल्यावर महिनाभरानं, भाजी निवडता निवडता ती सहज बोलून गेली, "दहा दिवस मी सकाळचा चहा घेतलाच नाही गं. बसमध्ये पाणीही प्यायले नाही." बस थांबायची दोन-अडीच तासांनी. चाळीस माणसांसमोर उठून "मला जायचंय, गाडी थांबवा" म्हणणं तिला जमेना. फोटोत सगळीकडे ती हसताना दिसते, आणि त्या प्रत्येक फोटोत ती तहानलेली होती.

ते ऐकल्यापासून माझं मत पक्कं झालं आहे, म्हणून आज सविस्तर लिहिते. म्हातारं माणूस आहे, तर टूरच बरी, हे आपण डोळे झाकून म्हणतो. मला ते आता अजिबात पटत नाही. घरात घाटात गाडी चालवणारं कोणी असेल, तर भाड्याची लहान गाडी घ्या आणि एकच बेट नीट फिरा. आम्ही गेल्या वर्षी सप्टेंबरात ग्रीसमधल्या क्रीटला गेलो. आई, मी आणि नवरा, नऊ दिवस.

ग्रीस म्हटलं की आपल्याकडे पांढऱ्या भिंती, निळे घुमट आणि सँटोरिनी. सँटोरिनी सुंदर आहेच, पण ती गावं कड्यावर वसलेली आणि जिकडेतिकडे पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्या माणसानं तिथे काय करायचं? क्रीट हे ग्रीसचं सगळ्यात मोठं बेट. पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब, आणि मधोमध डोंगरांची रांग. प्सिलोरितिस शिखर २,४५६ मीटर आणि पश्चिमेकडचं पाख्नेस २,४५३. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे अंदाज येईल. उत्तर किनाऱ्यावर हमरस्ता, मोठी शहरं, हॉटेलं. खरं क्रीट त्या रस्त्यावरून दक्षिणेला वळलं की सुरू होतं, आणि तिकडे सोयीनं फिरायला गाडीच लागते. मोठ्या गावांना बस आहेत, पण त्यांच्या वेळा आईच्या गुडघ्यांना विचारून ठरलेल्या नाहीत.

आधी कागदपत्रं, कारण इथे लोक अडकतात. आपल्या लायसन्सवर ग्रीसमध्ये गाडी चालवायला आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट लागतं. ते इथूनच, आपल्या आरटीओतून काढून न्यायचं. फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याला ते नव्हतं म्हणून विमानतळावर गाडी मिळाली नाही आणि सगळी सहल बदलावी लागली. ऑटोमॅटिक हवी असेल तर कितीतरी आधी सांगून ठेवा, लहान गाड्या तिकडे बहुतेक गिअरच्याच असतात. आणि विमा "फुल" असं लिहिलेलं असलं तरी करार वाचा. टायर आणि गाडीचा तळ बऱ्याचदा त्यात धरलेला नसतो, कच्च्या रस्त्यावर तर नाहीच. बालोसच्या प्रसिद्ध किनाऱ्याकडे जाणारा रस्ता शेवटी असाच दगडमातीचा आहे. आम्ही तो सोडला, आणि त्याची हळहळ वाटली नाही.

स्टिअरिंग डावीकडे, वाहतूक उजवीकडून. पहिला अर्धा तास मी एका रिकाम्या पार्किंगमध्येच फेऱ्या मारल्या. पुढे प्रत्येक वळणावर मागून आईचा आवाज यायचा, "उजवीकडे गं, उजवीकडे." तो आवाज मला खरोखर उपयोगी पडला. हमरस्त्यावर एक रीत आहे ती आधी माहीत असलेली बरी: हळू जाणारी गाडी कडेच्या पट्ट्यावर अर्धी सरकते आणि मागच्याला वाट देते. तसं केलं नाही तर मागचा अगदी चिकटून येतो. डोंगरात शिरण्याआधी पेट्रोल भरून घ्यायचं, वर पंप कमी. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही आणि दिवसात तीन तासांच्या वर चालवायची नाही, हे आम्ही घरूनच ठरवून निघालो होतो.

क्नोसोस, म्हणजे तिथल्या प्राचीन राजवाड्याचे अवशेष, पाहिले. आर्थर इव्हान्स या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञानं १९०० साली तिथे खोदकाम सुरू केलं आणि बराच भाग सिमेंट घालून पुन्हा उभा केला. ते रंगवलेले खांब मला पटले नाहीत. इराक्लिओ शहरातलं वस्तुसंग्रहालय मात्र चुकवू नका.

आईला काय आवडलं, तर रस्त्याकडेच्या देवळ्या. डोंगरातल्या वळणांवर खांबावर बसवलेली छोटीशी चर्चं दिसतात, पत्र्याची किंवा दगडाची, पोस्टाच्या पेटीएवढी. त्यांना प्रोस्किनितारी म्हणतात. कुणाचा तिथे अपघातात जीव गेलेला असतो, तर कुणी तिथेच वाचलेलं असतं, त्याची ही आठवण. आस्किफूच्या पठाराकडे जाताना आई म्हणाली, "थांब जरा." मी गाडी बाजूला घेतली. काचेच्या दारातून आत दिसलं: एका संताचं चित्र, तेलाचा दिवा, अर्धी भरलेली तेलाची बाटली, वाती, काडेपेटी. आई बराच वेळ वाकून बघत होती. मग म्हणाली, "बाटली ठेवलीय म्हणजे कोणीतरी रोज येतं." तिनं हात जोडले. नऊ दिवसांत अशा देवळ्यांपाशी आम्ही किती वेळा थांबलो, याला गणती नाही. चाळीस माणसांच्या बसनं हे एकदा तरी केलं असतं का?

दुसरी गोष्ट जेवणाची. आई शाकाहारी. स्पिलीच्या वरच्या अंगाला एका गावात, चार टेबलांच्या खाणावळीत आम्ही बसलो. आजीबाई स्वतःच रांधत होत्या. बार्लीच्या कडक पावावर किसलेला टोमॅटो आणि मऊ चीज घातलेला दाकोस आला, पिवळ्या डाळीचं घट्ट वरण असावं तसा फावा आला, आणि एका ताटलीत उकडलेला पाला, वर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू. आईनं एक घास घेतला आणि म्हणाली, "अगं, हा माठ आहे!" आजीबाईंना काय बोलणं चाललंय ते कळेना. त्या आत गेल्या आणि कच्ची जुडी घेऊनच आल्या. माठच. त्या म्हणाल्या, "व्लिता." मग आईनं सॅलडमधलं जाडसर पान उचलून दाखवलं. घोळ! त्या म्हणाल्या, "ग्लिस्त्रिदा." आई म्हणाली, "घोळ." दोघींनी दोन्ही नावं तीन-चारदा म्हणून पाहिली. आई हातांनी फोडणी दाखवत होती, लसूण ठेचायची खूण करत होती, आणि आजीबाई मान हलवून लिंबू पिळायची खूण करत होत्या. एक तास गेला. कोणी घड्याळ दाखवलं नाही. उठताना रीतीप्रमाणे छोट्या बाटलीत राकी, म्हणजे तिकडची दारू, आली. मी गाडीची किल्ली दाखवून छातीवर हात ठेवला, तर माझ्यासाठी द्राक्षं आली.

दक्षिण किनाऱ्याकडचा स्फाकियाचा घाट मात्र खरंच घाट आहे. इम्ब्रोस गाव सोडलं की समोर एकदम लिबियन समुद्र उघडतो आणि रस्ता वळणांमागून वळणं घेत खाली उतरतो. मे १९४१ मध्ये जर्मन छत्रीधारी सैनिकांनी बेट घेतलं, तेव्हा हजारो ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडचे सैनिक माघार घेत याच बाजूनं डोंगर ओलांडून आले. तेव्हा रस्ता समुद्रापर्यंत पोचलेलाच नव्हता, वर कड्यावरच संपायचा. पुढे पायवाटेनं उतरायचं आणि रात्री जहाज मिळायची वाट बघायची. कित्येकांना ते मिळालंच नाही. हे मी आईला खाली बंदरावरच्या स्मारकापाशी सांगितलं. तिनं मागे वळून डोंगराकडे पाहिलं आणि विचारलं, "त्यांना पाणी मिळालं असेल का?"

तिथून होडीनं लुत्रोला गेलो, कारण त्या गावाला गाडीरस्ताच नाही. आई खडकाळ किनाऱ्यावर पाण्यात पाय सोडून दोन तास बसली होती, हातात पाण्याची बाटली. मध्येच ती संपली, तर उठून स्वतःच दुसरी घेऊन आली.

लोक मला विचारतात, परक्या देशात, म्हातारं माणूस घेऊन, एवढी जोखीम कशाला? जोखीम आहे, मी नाही म्हणत नाही. घाटाची सवय नसेल तर हे करू नका. पण वयस्क माणसाला पहाटे सहाला उठवून, रोज हॉटेल बदलून, पाण्यावाचून बसमध्ये बसवणं ही जोखीम नाही का? आम्ही नऊ दिवसांत तीनच मुक्काम केले आणि सगळीकडे तळमजल्यावरची खोली मागितली. एक अख्खा दिवस आईनं फक्त अंगणातल्या अंजिराखाली बसून काढला. तो दिवस वाया गेला असं मला एक क्षणही वाटलं नाही.

क्रीटच्या पूर्वेकडचं सितिया आणि तिथल्या वाई नावाच्या किनाऱ्यावरचं खजुरीचं बन राहिलं आहे. आई आता ७४ची आहे. माझ्या परमिटची मुदत सप्टेंबरात संपली, सोमवारी आरटीओत जाऊन नवं काढते आहे.