रेखाटन आधी की सॉफ्टवेअर : एका पालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

व्हिडिओ गेमसाठी कलाकार होऊ पाहणाऱ्या मुलांनी पहिली दोन वर्षे हाताने रेखाटन करावे, असे मी गेल्या लेखात लिहिले होते. त्यावर आपण लिहिता की हा सल्ला घरचे बरे असणाऱ्यांनाच परवडणारा आहे, कंपन्यांना सॉफ्टवेअर येणारी मुले हवी असतात, आणि बारावी झालेल्या आपल्या मुलाला एक संस्था वर्षाच्या डिप्लोमासह नोकरीची हमी देत असताना त्याला वही देऊन कोल्हापूरच्या रंकाळ्यावर बसवणे म्हणजे त्याचे वर्ष वाया घालवणे होय.

आपल्या आक्षेपातला एक भाग मला पूर्णपणे मान्य आहे. ‘पहिली दोन वर्षे’ हे शब्द मी चुकीचे वापरले, कारण त्यातून तोवर संगणकाला हात लावू नये असा अर्थ निघतो. शिवाय घरखर्चाचा विचार मी त्या लेखात केलाच नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी सुरू कराव्यात, असे आता दुरुस्त करून सांगतो. त्रिमितीय कामासाठी ब्लेंडर आणि चित्रांसाठी क्रिटा ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात, त्यामुळे कुठेही फी भरण्यापूर्वी सहा महिने घरीच काम करून मुलाचा कल आणि चिकाटी पाहता येते.

रेखाटनाबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे, आणि त्याचे कारण एका कामावरून सांगतो. शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातला ४८ खांबांचा स्वर्गमंडप आपण पाहिला असेल. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाने त्यातला एकच खांब करायला घेतला. आधी त्याने लाखो बहुभुजांचे (पृष्ठभाग ज्यांनी बनतो त्या छोट्या सपाट तुकड्यांचे), कोरीवकामासह सगळे बारकावे असलेले मॉडेल घडवले. एवढे जड मॉडेल खेळ चालू असताना संगणकाला पेलत नाही, म्हणून त्यावर मोजक्या बहुभुजांचे हलके मॉडेल बेतले, पुठ्ठ्याचे खोके उकलून सपाट करावे तसा त्याचा पृष्ठभाग उलगडला, आणि जड मॉडेलवरचे बारकावे ‘नॉर्मल मॅप’ नावाच्या प्रतिमेत उतरवून हलक्या मॉडेलवर चढवले. त्यामुळे प्रकाश पडला की सपाट भागही कोरल्यासारखा दिसतो. हे सारे तो व्हिडिओ पाहून दोन महिन्यांत शिकला, आणि तरीही तो खांब प्लॅस्टिकचा वाटत होता.

चूक सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. त्याने सगळ्या कडा सारख्याच धारदार ठेवल्या होत्या आणि दगडाला सर्वत्र एकच रंग दिला होता. त्याला वही घेऊन दोन रविवार खिद्रापूरला बसवले, तेव्हा माणसाचा हात पोहोचतो तिथवरच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत, वरच्या तशाच राहिल्या आहेत, आणि उघड्या छतातून पाऊस येतो त्या बाजूच्या दगडाचा रंग वेगळा आहे, हे त्याला चित्र काढता काढता दिसले. नंतरच्या तीन आठवड्यांत त्याने केलेल्या खांबाला वय आले होते. फोटोवरूनही हे कळले असते, असे आपण म्हणाल; पण फोटो त्याच्याकडे पहिल्या दिवसापासून होते. शिवाय गेममध्ये असा मंडप उभारताना ४८ खांब स्वतंत्र घडवत नाहीत, तर थोडे घडवून तेच फिरवून पुन्हा वापरतात, आणि कोणता खांब पुन्हा वापरला तर खेळणाऱ्याच्या लक्षात येणार नाही, हे ठरवणारी नजरही अशाच सरावातून येते. पुण्यात तयार होऊन २०२० मध्ये आलेल्या ‘राजी’ या गेमवर राजस्थानी वास्तुकलेची आणि पहाडी चित्रशैलीची छाप आहे. तीही निरीक्षणातूनच आलेली आहे.

सॉफ्टवेअर बदलत राहते, हेही लक्षात घ्यावे. एके काळी गावोगावच्या क्लासमध्ये शिकवल्या जाणाऱ्या फ्लॅश या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरचा प्लेअर २०२० च्या अखेरीस बंद झाला.

आता त्या हमीबद्दल. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांची कामे पाहायला मागा, आणि त्यांना लागलेली नोकरी गेमच्या कामाची आहे की लग्नाच्या अल्बमच्या डिझाइनची, हे स्पष्ट विचारा. अल्बमचे काम प्रामाणिक आहे, पण आपण फी त्यासाठी भरत नाही. मी पुण्यातल्या एका स्टुडिओत सात वर्षे गेमची पार्श्वभूमी, म्हणजे वाडे, रस्ते, झाडे, खडक घडवण्याचे काम केले आणि नव्या मुलांची निवडही केली. त्या काळात मी प्रमाणपत्र कधीही मागितले नाही. पाहिली ती पोर्टफोलिओतली, म्हणजे स्वतःच्या निवडक कामांच्या संग्रहातली, तीन-चार कामे, आणि ती एकाच दिशेची आहेत का. पात्रे, पार्श्वभूमी, अ‍ॅनिमेशन, पडद्यावरची बटणे व चिन्हे ही वेगवेगळी कामे आहेत, आणि सगळ्यांचे थोडे थोडे दाखवणारा मुलगा बहुतेक वेळा मागे राहतो.

पदवी मात्र सोडू नये, मग ती चित्रकलेची असो किंवा वाणिज्य शाखेची. व्हीएफएक्स (चित्रपटांतली संगणकीय दृश्ये) आणि अ‍ॅनिमेशन करणारी टेक्निकलर ही कंपनी २०२५ च्या फेब्रुवारीत कोसळली, तेव्हा बंगळूर आणि मुंबईतल्या चांगल्या, अनुभवी कलाकारांचेही काम एकाएकी गेले. गेमचा धंदाही याहून स्थिर नाही, आणि पालकांनी हे जाणूनच मुलाला पुढे पाठवावे. यंत्राने चित्रे बनवण्याच्या नव्या सोयीमुळे नवख्याने केवळ संकल्पनाचित्रांवर, म्हणजे काय घडवायचे ते आधी ठरवणाऱ्या चित्रांवर, भिस्त ठेवू नये, एवढे मी नक्की सांगेन.

आपल्या प्रतिक्रियेत मुलाच्या शिक्षणाविषयी आणि फीविषयी सविस्तर आहे, पण तो स्वतः काय काढतो किंवा घडवतो, हे कुठेच आलेले नाही. त्याने आजवर केलेली, अपुरी राहिलेलीसुद्धा, चार-पाच कामे कोणती आहेत ते कळवलेत, तर सहा महिन्यांची आखणी मी त्याच्यापुरती नेमकी करून देईन.