‘बायोलॉजी घेतली की इंजिनिअरिंग विसरा’? अर्धवट माहितीचा मेसेज

दहावीचा निकाल लागला की फोंडा-डिचोलीकडच्या पालकांच्या ग्रुपांवर हा मेसेज हमखास फिरतो: ‘अकरावीला बायोलॉजी देऊ नका. बीएस्सी लाइफ सायन्सवाल्यांना गेटला बसू देत नाहीत, एमटेक मिळत नाही, आणि गणित एकदा सुटलं की सुटलंच.’

गेट म्हणजे एमटेकच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर पदवीच्या, प्रवेशासाठीची देशपातळीवरची परीक्षा. तिच्याबाबतचं तर सपशेल खोटं. सायन्स पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून बसता येतं. लाइफ सायन्सेसचा एक्सएल पेपर आहे, बायोटेक्नॉलॉजीचा बीटी आहे, 2020पासून बायोमेडिकल इंजिनिअरिंगचाही आहे.

एमटेकबाबत मात्र मेसेज निम्मा बरोबर आहे, आणि खरी पंचाईत इथेच होते. गेटला बसू दिलं म्हणजे प्रवेश मिळेलच असं नाही. तीन वर्षांच्या बीएस्सीवर थेट एमटेक सहसा मिळत नाही. बीई-बीटेक नाहीतर एमएस्सी मागतात. एमएस्सी असेल तर बायोटेक्नॉलॉजी, बायोमेडिकल, पर्यावरण अशा शाखांत बऱ्याच ठिकाणी अर्ज करता येतो. मेकॅनिकलचा नाद सोडा. ‘आधी गेट दे, पुढचं पुढे बघू’ असा सल्ला देणाऱ्यांची मला चीड येते. चांगला स्कोअर हातात घेऊन पोरं मग पात्रतेची अट वाचतात. स्कोअर तीन वर्षं चालतो, तेव्हा परीक्षा एमएस्सी करता करता दिली तरी पुरे. अमेरिकेत बॉस्टन विद्यापीठाचा ‘लीप’ हा अभ्यासक्रम तर इंजिनिअरिंग न केलेल्यांसाठीच आहे. तिथे आधी पदवीचे राहिलेले विषय करून घेतात, मग मास्टर्स.

आता गणित. मायक्रोबायोलॉजीची मुलगी ठरावीक वेळाने कलरिमीटरवर ओडी (जिवाणूंमुळे द्रावणाला आलेला गढूळपणा) घेते, सेमीलॉग (एक अक्ष लॉगचा असलेल्या) कागदावर ठिपके जोडते आणि रेषेचा चढ मोजते. 20 मिनिटांत दुप्पट होणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूचा वाढीचा दर तासाला सुमारे 2.08 येतो. हे डिफरन्शियल इक्वेशनच आहे, फक्त तिला तसं कोणी सांगितलेलं नसतं. अडतं त्याच्या पुढे. पणजीजवळच्या टोंक इथल्या सांडपाणी प्रकल्पात घाण खाण्याचं काम जिवाणूच करतात. पण त्यांना हवा किती द्यायची, टाकी केवढी बांधायची, याला कॅल्क्युलस आणि फ्लुइड मेकॅनिक्स लागतं. ते बसून शिकावंच लागतं. बीटी पेपरातही इंजिनिअरिंग मॅथ्सला 13 गुण आहेत, आणि काही विभाग बारावीपर्यंत गणित होतं का, हे आधी बघतात.

अकरावीला बायोलॉजीबरोबर गणितही ठेवता येतं, हे त्या मेसेजात कुठेच नाही.